उंबरठा ओलांडण्याचा अधिकार

परक्याच्या घरांतील तान्हें मूल आजारी आहे, घरच्यांनीं कोणाला बोलाविलें नाहीं, आणि त्या मुलावर काय उपाय करावा हें आपणांस ठाऊक आहे. अशा वेळीं न बोलावतां त्या घरांत जाण्याचा आपणांस अधिकार आहे काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. आमच्या खेड्यांतील शिक्षक व उपदेशक बंधूंना, तसेंच घरोघर फिरणाऱ्या भगिनींना, तो कोठें ना कोठें नेहमीं भेटतो, आणि बहुतेक वेळां फारसा विचार न करतां ते त्याचें उत्तर देऊन मोकळे होतात. कोणी म्हणतो, "ज्याचें घर त्याचें राज्य, आपण मध्यें कशाला पडा?" दुसरा म्हणतो, "पोर वांचवायचें आहे ना? मग विचारायचें काय?" ह्या दोन्ही उत्तरांत थोडें थोडें खरें आहे, आणि म्हणूनच तीं दोन्ही फसवीं आहेत.

आज आम्ही ह्या प्रश्नाचा विचार एका ठिकाणच्या इतिहासावरून करणार आहों. तें ठिकाण म्हणजे पुणें शहरांतील कसबा पेठ. खेड्यांतील मंडळ्यांना शहराच्या पेठेची गोष्ट कशाला, असें कोणी विचारील. परंतु वरचीं दोन उत्तरें, आणि त्यांहून निराळें असें तिसरें एक उत्तर, हीं तिन्ही ह्या शहराच्या जुन्या वस्तींत पन्नास वर्षांच्या आंत लोकांनीं अनुभवून पाहिलीं. आणि त्यांतील तिसरेंच उत्तर पुढें खेड्यांच्या वाटेला लागलें. तेव्हां ही गोष्ट आपलीच आहे.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपतीचें देऊळ येथें आहे. तांबट आळींत तांब्यापितळेच्या भांड्यांवर ठोके पडत, कुंभारवाड्यांत चाक फिरे, कागदीपुऱ्यांत हातकागद होई. एका अंगास मुठा नदी. वाड्यांना मोठे दरवाजे, आंत चौक, चौकाभोंवतीं बिऱ्हाडें, आणि सर्वांत आंतल्या अंधाऱ्या बाजूस बाळंतिणीची खोली. ह्या खोलीचें वर्णन खेड्यांतील वाचकांस नवें नाहीं: खिडकी असलीच तर ती लावलेली, बाजेखालीं शेगडी, दारापाशीं कडुनिंबाचा डहाळा, आणि सोयर असल्यामुळें दहा दिवस कोणीं शिवूं नये असा नियम. ह्या खोलींत घरच्या बायकांखेरीज एकाच बाहेरच्या व्यक्तीला मोकळीक असे, ती म्हणजे सुईण.

सुईण कोण असे? महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं ती मांग समाजांतील असे, कोठें न्हावीण, कोठें दुसऱ्या जातीची. इतर दिवशीं जिची सावली पडूं नये म्हणून लोक अंग चोरीत, तिलाच ह्या एका दिवशीं आंतल्या खोलींत नेत, आणि घराचा वंश तिच्या हातांत देत. नाळ कापून झाली कीं तिला शेरभर धान्य, एखादें जुनें लुगडें व खोबरें मिळे. मागाहून जमिनीवर पाणी शिंपडून घर शुद्ध करून घेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आज्या-पणज्यांनीं हें काम केलेलें असेल. उंबरठा ओलांडण्याचा अधिकार गरजेपुरता देतां येतो व गरज सरतांच काढूनही घेतां येतो, हें त्या बायांना कोणत्याही पुस्तकावांचून कळत होतें.

आतां पहिला प्रसंग पाहूं. १८९६ सालीं मुंबईंत आलेला प्लेग लौकरच पुण्यांत पोंचला. १८९७ च्या आरंभीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्यासाठीं रँड साहेबांच्या अध्यक्षतेखालीं एक खास कमिटी नेमली. मार्च महिन्यांत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पेठांतून फिरूं लागल्या. त्यांनीं घरें झडलीं, रोगी सांपडल्यास त्याला रुग्णालयांत आणि त्याच्या माणसांना वेगळ्या छावणींत नेलें, कपडे व सामान जाळलें, जमिनी उकरून भिंतींना चुना दिला. देवघर कोणतें व माजघर कोणतें ह्याचा विचार राहिला नाहीं. पंडिता रमाबाईंनीं त्याच वर्षीं वर्तमानपत्रांत पत्र लिहून, प्लेगच्या व्यवस्थेंत स्त्रियांच्या अब्रूची नीट काळजी घेतली जात नाहीं, अशी उघड तक्रार केली. राज्यकर्त्यांच्या धर्माची असूनही ती बाई गप्प बसली नाहीं, हें येथें नमूद करणें आम्हांस योग्य वाटतें. शिपायांवरचे सगळेच आरोप सिद्ध झाले नाहींत, हेंही खरें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं विलायतेंत केलेले कांहीं आरोप पुराव्याअभावीं परत घेऊन माफी मागितली होती. पुढें २२ जून रोजीं रँड साहेबांवर गोळी झाडली गेली. खुनाचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे.

कमिटीचा हेतु वाईट होता काय? नाहीं. माणसें मरत होतीं आणि साथ थांबवावयाची होती. ज्ञान मात्र अपुरें होतें. प्लेगचा जंतु १८९४ मध्यें सांपडला होता. पण तो उंदरांच्या अंगावरील पिसवांतून माणसांत येतो हें सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ मध्यें मांडलें, आणि तें सर्वमान्य व्हावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. म्हणजे शिपाई घरांत शिरले ते ज्याला शोधावयाचें त्याला सोडून माणसांना शोधीत होते. तरी आम्ही म्हणतों, ज्ञान पुरें असतें तरी ह्या पद्धतीनें तें वायां गेलें असतें. कारण लोक रोगी लपवूं लागले. माळ्यावर, कोठारांत, बाहेरगांवच्या नातेवाइकाकडे, जेथें जागा मिळेल तेथें त्यांनीं आपलीं माणसें लपविलीं. ज्या दारावर थाप पडतांच घरांतील माणसें आजाऱ्याला लपवितात, त्या दारांतून कितीही चांगलें औषध आंत नेलें तरी तें आजाऱ्यापर्यंत पोंचत नाहीं.

आणि त्याच महिन्यांत, त्याच पुण्यांत, आणखी एक व्यक्ति परक्यांच्या घरांत जात होती. सावित्रीबाई फुले यांनीं आपला मुलगा डॉक्टर यशवंत याच्याकडून शहराबाहेर, हडपसरच्या बाजूस, प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलाला त्यांनीं स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथें आणिलें, असें सांगतात. तो संसर्ग त्यांना झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या.

शिपायानेंही रोगी घराबाहेर काढला आणि सावित्रीबाईंनींही काढला. दोघांचा उद्देश रोग्याला दवाखान्यांत नेण्याचा होता. मग फरक काय? कोणी म्हणेल, एकानें जबरदस्ती केली व दुसऱ्यानें प्रेमानें नेलें. हें खरें, पण पुरें नाहीं; गोड बोलून जबरदस्ती करणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या मतें फरक असा, कीं शिपाई आला तेव्हां त्या घरानें त्याला कांहीं देणें आहे अशा भावनेनें आला. रोगी द्या, सामान द्या, वाट द्या. सावित्रीबाई गेल्या त्या आपणच त्या घराचें कांहीं देणें लागतों अशा भावनेनें गेल्या. सावकाराचा कारकून दारांत येतो तेव्हां पोरेंबाळें कशीं चुलीमागें दडतात तें आमच्या वाचकांना सांगावयास नको. तोच उंबरठा, तेंच दार. पण येणारा घेणेकरी आहे कीं देणेकरी, हें घरांतील लहान मुलालाही पावलांच्या आवाजावरून कळतें.

ह्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीं, पहिलें महायुद्ध संपल्यावर, तिसरें उत्तर हळूहळू आकार घेऊं लागलें. त्याची तयारी आधींपासून चालली होती. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें, आणि थोड्याच वर्षांत तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिका व सुईणीचें शिक्षण घेऊं लागल्या. तोंपर्यंत शुश्रूषेचें काम बहुतांशीं ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रियांकडे असे. वरच्या जातींतील विधवेनें परक्याच्या जखमेला हात लावणें हें विपरीत वाटे. १९१२ सालीं रास्ता पेठेंत किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय लहानशा स्वरूपांत सुरू झालें व बाळंतपणासाठीं तेथें जाण्याची हळूहळू लोकांस संवय झाली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें घरेंच्या घरें ओस पाडलीं, आणि माता व बालकें जगविणें हें सार्वजनिक काम आहे ही गोष्ट सरकारच्याही लक्षांत येऊं लागली. १९२० मध्यें लेडी चेम्सफर्ड यांच्या पुढाकारानें देशव्यापी संस्था निघाली. १९२४ मध्यें लेडी रीडिंग यांच्या प्रेरणेनें देशभर बालसप्ताह झाला. घरोघर जाऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी जी बाई, जिला हेल्थ व्हिजिटर म्हणत, तिचें काम ह्याच काळांत धंद्याच्या पदवीस चढलें. १९३५ सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिका व सुईणींबरोबर तिच्याही नोंदणीचा कायदा झाला.

त्या काळची गरज किती मोठी होती हें एका आंकड्यावरून दिसेल. मुंबई शहरांत १९२१ सालीं नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सुमारें ६६६ मुलें वर्ष पुरें होण्याच्या आधींच मेलीं. हा आंकडा जसा दिसतो तसा घेऊं नये. कित्येक बाया बाळंतपणाला माहेरीं जात, तेथें जन्म होई व मूल घेऊन परत आल्यावर मृत्यु मुंबईंत नोंदला जाई, त्यामुळें प्रमाण फुगलेलें आहे. परंतु अर्धा केला तरी तो आंकडा कोणाही विचारी माणसाची झोंप उडवील.

ही फिरती परिचारिका वाड्यांतल्या त्या अंधाऱ्या खोलींत गेली तेव्हां तिला काय दिसे? नाळ विळ्यानें किंवा हाताला लागेल त्या धारेनें कापलेली, वर राख किंवा शेण लावलेलें. धनुर्वाताचे जंतु मातींत व जनावरांच्या शेणांत असतात; नाळेच्या कापल्या टोंकांतून ते आंत जातात. मूल दोन-तीन दिवस चांगलें पितें; मग साधारण आठवड्याच्या सुमारास त्याचा जबडा धरतो, दूध ओढवत नाहीं, अंग ताठ होतें, आंकडी येते, आणि बहुतेक मुलें जातात. आपल्याकडे पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावितात, कोरा कागद व लेखणी ठेवितात. त्या रात्रीं सटवाई येऊन मुलाच्या कपाळावर त्याचें नशीब लिहिते अशी समजूत. रोगाचें भय आणि लेखनाची रात्र ह्यांची गांठ कशी पडली आहे पाहा. ज्यांनीं ही रीत घातली त्यांना पहिल्या आठवड्यांतील धोका डोळ्यांनीं दिसला होता. फक्त लेखणी कोणती तें त्यांना ठाऊक नव्हतें. ती विळ्याची धार होती.

येथें आमच्या मूळ प्रश्नाचें खरें अवघड टोंक आहे, आणि येथें आम्ही वाचकांस थोडें थांबावयाची विनंती करितों. सटवाईला हंसणें सोपें आहे. आमच्यांतले कांहीं उत्साही तरुण तें करितात व त्यांना तें मोठें धैर्याचें काम वाटतें. परंतु ज्या आईचें मूल सातव्या दिवशीं गेलें, तिला "सटवाईनें तितकेंच लिहिलें होतें" ह्या एका वाक्याचा आधार असतो. तुम्ही तिला सांगितलें कीं लिहिणारी कोणी नव्हती, धार घाण होती, तर तुम्हीं तिला ज्ञान दिलें खरें. पण त्याबरोबर काय दिलें? रात्रीं उठून ती विचार करील: विळा कोणीं आणून दिला? मींच ना? म्हणजे माझें बाळ मींच मारिलें काय? अज्ञानांत ती दुःखी होती. ज्ञानानें ती अपराधी झाली. असें ज्ञान कोणाच्या घरांत घेऊन जाण्याचा आपणांस काय अधिकार?

ह्यावर कोणी म्हणेल, मग सांगूंच नये. तें तर त्याहून वाईट. पुढचें मूलही त्याच धारेखालीं जाईल. आमचें उत्तर असें आहे. टाळतां येण्याजोग्या मृत्यूचें कारण ज्या दिवशीं माणसांना कळतें, त्या दिवशीं एक कर्ज निर्माण होतें. परंतु तें कर्ज ज्याला कळलें नव्हतें त्याच्या नांवावर मांडावयाचें नसतें, ज्याला कळलें होतें त्याच्या नांवावर मांडावयाचें असतें. आईला कोणीं सांगितलें नव्हतें. सुईणीला कोणीं शिकविलें नव्हतें. उलट, त्या काळच्या कितीतरी लिखाणांत बालमृत्यूचें सर्व खापर 'गलिच्छ सुईणी'वर फोडलेलें आढळतें, जणूं काय तिला शेरभर धान्यांत साबण, उकळलेला दोरा व शाळा हीं सर्व मिळालींच होतीं. ज्या डॉक्टरांना, ज्या नगरपालिकेला, ज्या सरकारला, ज्या शिकलेल्या शेजाऱ्याला तें कळलें होतें, ते त्या घराचे देणेकरी. तेव्हां परिचारिकेनें आंत जावें तें हिशेब विचारण्यास नव्हे, तर चुकता करण्यास. ज्या समजूतदार होत्या त्या पूजेच्या पाटाकडे बोट दाखवीत बसल्या नाहींत. त्यांनीं पिशवींतून कात्री काढली, ती उकळली, स्वच्छ दोरा दिला, आणि सुईणीला शेजारीं बसवून दाखविलें. सटवाईची पूजा त्या रात्रीं झालीच असेल. मूल जगलें, म्हणजे पुढच्या बाळंतपणांत कात्री आधीं उकळली गेली; आणि मेलेल्या मुलाविषयीं ज्या आईनें विचारलें नाहीं तिला कोणीं सांगितलें नाहीं. न विचारलेलें सत्य न सांगणें हें खोटें बोलणें नव्हे, असें आम्हांस वाटतें. ह्याविषयीं आमच्या वाचकांत मतभेद असेल.

परंतु केवळ सल्ला म्हणजे कर्ज फेडणें नव्हे, हें सांगण्यासाठीं थोडें मुंबईस जावें लागेल; कारण कसब्यांतील, मावळांतील, सातारा जिल्ह्यांतील व कोंकणांतील कितीतरी कुटुंबें तेव्हां गिरण्यांच्या चाळींत राहावयास गेलेलीं होतीं. सरकारनें नेमलेल्या डॉक्टर बार्न्स ह्या बाईंची गिरणींतील स्त्री-कामगारांविषयींची पाहणी १९२२ मध्यें प्रसिद्ध झाली. गिरणींत जाणाऱ्या जवळजवळ सर्व आया, शंभरांत अठ्ठ्याण्णव, आपल्या तान्ह्यांना अफू देत, असें तींत नमूद आहे. बाळगोळी म्हणून ती मिळे. गोळी दिली कीं मूल दिवसभर गुंगींत पडून राही, रडत नसे, दूध मागत नसे. आई सांच्यावर उभी राही. अशा मुलाला भूक लागेनाशी होते व तें सुकत जातें. आतां सांगा, ही आई निर्दय म्हणावी काय? तिनें कामावर न जावें तर घरांत चूल पेटत नाहीं, आणि जावें तर मूल कोणाजवळ ठेवावें? अशा घरांत जाऊन, "बाई, अफू देणें पाप आहे", असें सांगून बाहेर पडणारा मनुष्य, त्याच्या हातांत कोणतेंही पुस्तक असो, सावकाराच्या कारकुनाहून निराळा नाहीं.

येथें देणें कोणीं फेडावयाचें होतें? जिच्या श्रमावर गिरणी चालत होती त्या गिरणीनें, आणि ज्या सरकारला कर मिळत होता त्यानें. आसवले यांनीं मुंबई कायदे मंडळांत प्रसूतीच्या भत्त्याचें बिल आणिलें. १९२८ मध्यें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा दिला. मातेनें विश्रांति घेणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, तेव्हां त्याचा भार मालकानें व कांहीं अंशीं सरकारनेंही उचलला पाहिजे, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य होतें. १९२९ सालीं कायदा झाला. बाळंतपणापूर्वीं तीन व नंतर चार आठवडे, आणि रोज जास्तींत जास्त आठ आणे, इतकी ती मदत होती. रक्कम लहान होती. शिवाय ती कारखान्यांतील बायांपुरती होती. तांबट आळींतील घरांत बसून नवऱ्याच्या कामाला हात लावणारी, विड्या वळणारी, धान्य निवडणारी, शेतावर खुरपणारी बाई त्यांत नव्हती. तरी आठ आणे देऊन सांगितलेला सल्ला आणि रिकाम्या हातानें सांगितलेला सल्ला ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

जातां जातां बालसप्ताहांतील एका प्रथेविषयीं आमचें मत सांगून टाकितों. गुटगुटीत मुलांचीं प्रदर्शनें भरवून बक्षिसें देण्याची चाल तेव्हां पडली व ती पुढें फार वर्षें टिकली. हेतु चांगला असेल. पण ज्या आईला दोन वेळां भाकर मिळते तिचें मूल वजनांत पुढें जावयाचेंच. तिला चांदीची वाटी, आणि जिच्या अंगांत दूध नाहीं तिला सर्वांसमक्ष ओशाळवाणेपण! चार पैशांचें दूध मागच्या रांगेंतल्या मुलाला मिळतें तर तो सप्ताह अधिक शोभला असता.

आतां कोणी आम्हांस अडवील: "तुमचें सारें ठीक, पण घरच्यांनीं नाकारलेंच तर? पोर डोळ्यांदेखत मरत असतां देणेकऱ्यानें बाहेरच उभें राहावें काय?" हा आक्षेप खरा आहे. सर्व ठिकाणीं एकच नियम लावतां येत नाहीं. देवीच्या रोगासारख्या सांथीच्या रोगांत एका घराच्या नकारानें दुसऱ्या घराचें मूल मरतें. म्हणून देवी टोचण्याची सक्ति करणारे कायदे एकोणिसाव्या शतकांतच झाले, आणि सक्ति सर्वस्वी अन्याय होती असें आम्ही म्हणत नाहीं. भारतांतून देवीचा रोग १९७५ मध्यें गेला. त्या मोहिमेच्या अखेरीस कांहीं ठिकाणीं घरांत घुसून टोचल्याचीही नोंद आहे. रोग गेला हें मोठेंच झालें. तरी ज्यांना धरून टोचलें त्यांना मागाहून कोणीं एकदां येऊन, "ताप उतरला काय?" म्हणून विचारलें असेल काय, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. शेजाऱ्याच्या जिवाला धोका असेल तेथें सक्ति करावी, परंतु सक्ति केली म्हणजे कर्ज फिटत नाहीं, तें वाढतें. ज्याच्या घरांत जोरानें शिरलों त्याच्याकडे दहा वेळां रीतीनें जावें लागतें.

पुण्याच्या पेठांत जें शिकावयास मिळालें तें खेड्यांत पोंचावयास फार काळ लागला. १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे हें दांपत्य तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेडास गेलें. त्यांनीं बाहेरून परिचारिका आणून दारोदार पाठविण्याऐवजीं गांवांतल्याच बाया निवडून त्यांना शिकविलें. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या व पुष्कळ अस्पृश्य मानलेल्या जातींच्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीं गरजेपुरता उंबरठा ओलांडणारी जी बाई, तीच आतां गांवाला आरोग्य शिकवूं लागली. पुढें गडचिरोलींत डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं गांवच्या स्त्रियांना नवजात बाळाची घरींच काळजी घ्यावयास शिकविलें. ३९ गांवांत केलेल्या ह्या कामानें नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक कमी झाले, हें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें. २००५ नंतर देशभर गांवोगांव आशा नेमल्या गेल्या. दवाखान्यांत बाळंतपण झालें तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळां, आणि घरीं झालें तर पहिल्या दिवसापासून सात वेळां आशा घरीं जाऊन बाळ पाहते. २०१५ सालीं माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचें भारतांतून उच्चाटन झाल्याचें मान्य झालें. महाराष्ट्रांत २०२० सालीं हजार जन्मांमागें सोळा मुलें वर्षाच्या आंत गेलीं. मुंबईच्या १९२१ च्या आंकड्याशेजारीं हा आंकडा ठेवून पाहावा.

हे सोळा कोण, हा प्रश्न मात्र आमच्या वाचकांच्या अंगणापर्यंत येतो. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत पाचटाच्या कोपींत राहतात. त्यांच्यांतील गरोदर बाईचें नांव तिच्या गांवच्या आशेच्या वहींत असतें, आणि बाळंतपण दोनशें मैलांवर उसाच्या फडाशेजारीं होतें. इकडची आशा म्हणते, ती माझ्या यादींत नाहीं. तिकडची म्हणते, ती गांवीं नाहीं. दोघीही खरें सांगतात. तिसरा, सातवा, चौदावा दिवस निघून जातो. मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळें बाळंतीण आठ-दहा दिवसांत पुन्हां मोळी उचलते, आणि तान्हें मूल बांधाला झोळींत असतें. ह्या घरावर सावकारी फेरी रोज होते. देण्यासाठीं मात्र कोणी येत नाहीं.

साखर कारखान्यांच्या आसपास आपल्या कितीतरी मंडळ्या आहेत. हंगाम सुरू होतांच आपल्या शिवारांत किती कोपी पडल्या, त्यांत दिवस गेलेल्या बाया किती, आणि त्यांचे दिवस कधीं भरतात, हें तेथील शिक्षकानें व भगिनींनीं आधींच विचारून ठेवावें. विचारावयास जातांना रिकाम्या हातानें जाऊं नये, निदान घागरभर स्वच्छ पाणी व मुलाला एखादें उबदार दुपटें न्यावें. मग त्या गांवच्या आशेकडे जाऊन तीं नांवें लिहून घ्यावयास सांगावें, आणि ती "माझ्या यादींत नाहीं" म्हणाली तर तिच्यावर रागावूं नये, कारण तिचाही मोबदला यादीप्रमाणेंच मिळतो. तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन डॉक्टरसाहेबांसमोर तीं नांवें ठेवावीं. कोपीला दार नसतें आणि उंबरठाही नसतो, म्हणून वाटेल तसें आंत शिरूं नये. बाहेर उभें राहून हांक मारावी.